एसीपी प्रद्युम्नना रिटायर का नाही केलं?

तर मंडळी, एप्रिल २०२५ मध्ये 'सीआयडी'तले एसीपी प्रद्युम्न वारले. बार्बोझाने, म्हणजे तिग्मांशू धुलियाने, त्यांना बॉम्बस्फोटात उडवलं. सोनीने श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, त्यात '१९९८-२०२५' अशी सालंसुद्धा. लोक जाम भडकले. नवे एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान आला, त्याच्याकडे कोणी धड बघेना. आणि काही आठवड्यांतच प्रद्युम्न परत! जिवंत!

आमच्या धंद्यात याला रोलबॅक म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी नवीन बदल प्रोडक्शनवर ढकलायचा, युजर्सनी बोंब मारली की सोमवारी गुपचूप जुनं व्हर्जन चढवायचं. सॉफ्टवेअरमध्ये ते चालतं. मेलेल्या माणसाचा रोलबॅक मात्र मला पटत नाही. त्यातून गुन्ह्यांच्या मालिकेत तर नाहीच नाही.

का ते सांगतो. 'सीआयडी'ची गोष्ट बहुतेक वेळा सुरू कशी होते? कुठेतरी एक प्रेत सापडतं. मग डॉक्टर साळुंखेंची लॅब, रंगीत पाण्याच्या नळ्या, कॉम्प्युटरवर गरागरा फिरणारे फोटो. त्या लॅबवर आपण कितीही हसलो तरी तिथला नियम एकच असतो. जिवंत माणसं खोटं बोलतात, प्रेत खोटं बोलत नाही. अख्खी मालिका या एका विश्वासावर उभी आहे. आणि तिथेच जर मृत्यू खोटा निघायला लागला, तर पुढच्या प्रत्येक प्रेताकडे आपण 'बघू, येईल परत' अशाच नजरेने बघणार ना? एका प्रोमोसाठी त्यांनी स्वतःचा मुख्य साक्षीदारच फोडला!

यावर माझा एक मित्र म्हणाला, अरे शेरलॉक होम्सचंही तेच झालं होतं. झालं होतं, मान्य. पण कॉनन डॉइलने १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात ढकललं ते खरोखर त्याच्यापासून सुटका हवी होती म्हणून. त्या मरणातून होम्स परत आला १९०३ मध्ये. मधली दहा वर्षं वाचकांनी तो गेला हे सोसलं. इथे तर आपल्याला नीट सुतक पाळायलाही वेळ मिळाला नाही.

आता 'सीआयडी'वर माझा एवढा जीव का, तर मालिका आणि मी जवळपास एकाच वयाचे. २१ जानेवारी १९९८ ला ती सुरू झाली. २७ ऑक्टोबर २०१८ ला पहिला डाव संपला तेव्हा १५४७ भाग झाले होते. शाळा, बारावी, इंजिनिअरिंग, सगळं त्या काळात उरकलं. २१ डिसेंबर २०२४ ला ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मी नोकरदार माणूस होतो, आणि दयाने दरवाजा तोडला की अजूनही बरं वाटत होतं :-)

आपल्याकडे तर त्याचं मूळ आणखी मागे जातं. दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनी 'सीआयडी'च्या आधी मुंबई दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली होती. पोलिसांच्या १०० नंबरवरून तिचं नाव. तिच्यातही शिवाजी साटम होतेच. आईबाबांच्या पिढीला साटमांनी गुन्हेगार पकडणं हे 'सीआयडी'च्या आधीपासून ठाऊक होतं. बँकेत नोकरी करता करता नाटकात आलेला हा माणूस. म्हणून तर प्रद्युम्न कधी सुपरहिरो वाटले नाहीत. बोटं फिरवत 'कुछ तो गड़बड़ है' म्हणणारे हे साहेब म्हणजे हिशेबात चार रुपयांचा फरक आला म्हणून घरी न जाणारे हेड कॅशियर वाटायचे.

आणि याच मालिकेतला एक मृत्यू खरा होता. इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स म्हणजे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला मुंबईत गेले. वय फक्त ५७. त्यासाठी कुठलाही प्रोमो नव्हता. ज्यांनी कित्येक वर्षांत एक भागही पाहिला नव्हता अशी माणसंसुद्धा त्या दिवशी गप्प झाली. नवीन सीझनमध्ये फ्रेडी नसणार हे आपण मुकाट्याने मान्य केलं, कारण तिथे रोलबॅकचं बटणच नाही. त्यानंतर दीड वर्षही झालं नसताना त्याच मालिकेने खोटी श्रद्धांजली वाहावी, हे मला जास्त लागलं.

मग करायला काय हवं होतं? साधं उत्तर आहे. रिटायर करायचं.

महाराष्ट्रात पोलीस अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. साटमांनी त्याच एप्रिलमध्ये पंचाहत्तरी गाठली. त्यांनी स्वतः तेव्हा पत्रकारांना सांगितलं की आपण ब्रेकवर आहोत, पुढचं निर्मात्यांना माहीत, आणि आपला ट्रॅक संपला असेल तरी हरकत नाही. म्हणजे नट जायला तयार होता. फक्त त्याला दारातून जाऊ द्यायचं की भिंत फोडून, एवढंच लेखकांनी ठरवायचं होतं.

आमच्या कोथरूडात रिटायर्ड माणसांना तोटा नाही. पहाटे वेताळ टेकडीवर जा, दर दहा पावलांवर एक माजी साहेब भेटेल. यांचं खुर्चीबरोबर सगळं संपलं असं मला तरी कधी दिसलं नाही. ऑफिसातले ज्युनिअर अजून फोन करून विचारतात, 'सर, एक अडचण होती.' प्रद्युम्नना असंच टेकडीवर पाठवता आलं असतं. एक भाग निरोपाचा. शाल, श्रीफळ, साळुंखेंचा शेवटचा टोमणा, दया आणि अभिजीतचे उतरलेले चेहरे. नव्या एसीपीला त्यांनीच खुर्चीत बसवायचं. मग वर्षातून दोनदा केस अडली की दयाने गाडी काढून त्यांच्याकडे जायचं. पार्थ समथानलाही जरा न्याय मिळाला असता. त्या बिचाऱ्याला चितेच्या उजेडात एंट्री घ्यावी लागली, प्रेक्षक टाळ्या कशा वाजवणार?

रंगभूमीला हे जमतं. 'नटसम्राट' १९७० साली आलं. श्रीराम लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी अशा नटांनी बेलवलकर उभे केले, आणि प्रेक्षकांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाहिलं. आधीच्याला मारून टाकायची गरज कोणालाच पडली नाही.

टीव्हीवाल्यांना मात्र म्हातारं माणूस एकतर कायम हवं असतं नाहीतर ठार मारायला हवं असतं. मधला रस्ता, म्हणजे मानाने घरी पाठवणं, त्यांना सुचत नाही. त्यात शोककळेचा प्रोमो नाही, ट्रेंडिंग नाही, हे कळतं मला. पण सत्तावीस वर्षं ज्याच्या बोटांकडे बघत आपण जेवलो, त्याला तेवढं तरी द्यायला हवं होतं.

असो. प्रद्युम्न परत आले याचा आनंद मलाही झालाच. पण पुढच्या वेळी ते जातील तेव्हा कृपा करून बॉम्ब नको. पेढे वाटा.