पितृपक्षात घर बघा

आपल्याकडे घर बघायचे दिवस ठरलेले. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा. या साडेतीन मुहूर्तांतले दोन उन्हाळ्यात येतात आणि उरलेले पाऊस ओसरल्यावर, विकाऊ घरांना रंग मारून झाल्यावर. घराचं दुखणं भिंतीवर दिसतं तेव्हा गिऱ्हाईक आपल्या घरी बसलेलं असतं. भाद्रपदाच्या वद्य पक्षात तर एजंटचा फोनही कुणी उचलत नाही. म्हणून म्हणतो, बोलणी, टोकन, नोंदणी खुशाल मुहूर्तावर करा, पण घर पितृपक्षात बघा. तोवर पावसानं इमारतीची परीक्षा घेतलेली असते आणि निकाल भिंतींवर लागलेला असतो. पूर्वज रागावतील ही भीती नको. दर उन्हाळ्यात कौलं चाळणारी माणसं ती, ओल कुठून येते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

जुना फ्लॅट बघताना लोक खिडकीतून बाहेर बघतात. आधी वर बघा. छतावर पिवळट-तपकिरी कडेचा डाग असेल तर वर बहुधा कुणाचं तरी बाथरूम आहे, आणि घर तुम्ही घेतलंत तरी ते बाथरूम वरच्यांचंच राहणार. दुरुस्तीसाठी त्यांच्या लाद्या फोडाव्या लागतात आणि त्याला ते सहजी तयार होत नाहीत. सोसायट्यांतली अर्धी भांडणं इथूनच सुरू होत असावीत. बाथरूमच्या छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर दिव्यासाठीचं एखादं भोक उघडून मोबाइलच्या उजेडात आत बघू द्या म्हणावं. नकार मिळाला तर तेही उत्तरच.

बाहेरच्या भिंतींना हात लावून बघा. हात गार आणि दमट लागला, रंगाचे पोपडे धरले असतील, लोणा फुटला असेल, तर पाणी आत येतंय. ओलीपुढे कपाट सरकवून ठेवायची युक्ती फार जुनी आहे, कपाटामागेही डोकावा. एकाच खोलीचा एकच कोपरा ताजा रंगवलेला दिसला तर का, ते विचारा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे न जाता दाराकडे आलं तर ढाळ चुकलाय. लाद्यांवर नाण्यानं टकटक करा, पोकळ आवाज येतो तिथं खाली माल नीट भरलेला नाही.

तड्यांना मात्र सगळेच घाबरतात, आणि बहुतेकदा चुकीच्या तड्यांना. गिलाव्यावरचं केसाएवढ्या रेघांचं जाळं साधारणपणे दिसायलाच वाईट असतं. कॉलम किंवा बीमच्या लांबीला समांतर जाणारी चीर, तिच्यावर गंजाचा डाग आणि काँक्रीटचा फुगवटा दिसला, तर थांबा. आतली सळई गंजते तेव्हा गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडत बाहेर येतो. असं काँक्रीट घरात गिलाव्याखाली आणि पीओपीआड दडवता येतं. पार्किंगमधले कॉलम कुणी सजवत नाही, म्हणून सौद्यातला निम्मा वेळ मी पार्किंगमध्ये घालवायला सांगतो. मग गच्चीवर जा, कोब्याला भेगा आहेत का, पाणी साचतं का बघा. आणि बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये डोकवा. पाइपाच्या सांध्यातून पिंपळ उगवला असेल तर तिथं वर्षानुवर्षं पाणी पाझरतंय आणि कमिटीला पत्ता नाही. किंवा आहे.

एवढं झालं की सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. मुंबईत अहवालात वर्ग लिहिलेला असतो: सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-2 ए असेल तर मोठ्या दुरुस्तीसाठी घर सोडावं लागू शकतं, सी-2 बीमध्ये राहूनच काम होतं. दुरुस्तीचा खर्च मंजूर झालाय का, वर्गणी अजून गोळा व्हायचीय का, हे वार्षिक सभेच्या इतिवृत्तात सापडतं. आज तुम्ही सही केलीत की उद्या ती वर्गणी तुमच्याकडे मागतील.

इमारत नवी असेल तर ताब्याची तारीख विचारा. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो, आणि हा हक्क मधल्या काळात घर विकत घेणाऱ्यालाही मिळतो.

‘बँकेनं कर्ज दिलंय, म्हणजे घर ठीकच असेल’ हे वाक्य मी फार ऐकतो. बँकेचा मूल्यांकनकार मुख्यतः कर्ज बुडालं तर घर किती किमतीला जाईल हे बघायला येतो. तुमचं छत गळतं का, ही त्याची चिंता नाही. त्यामुळे वरच्यापैकी काही खटकलं तर टोकन देण्याआधी स्वतःच्या पैशानं एक स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. मुद्रांक शुल्काच्या मानानं त्याची फी किरकोळ असते. त्यानं दाखवलेले दोष मालकाशी तोंडी बोलून सोडू नका. कोण, कधीपर्यंत, कुणाच्या खर्चानं दुरुस्त करणार हे करारात लिहून घ्या, नाहीतर तेवढी रक्कम किमतीतून कापा.