एकतर्फी निष्ठा

मँचेस्टरचा विख्यात फुटबॉलपटु डेनिस लॉ हा १७ जानेवारी २०२५ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, निवर्तला. त्या आठवड्यांत आमच्या कॉलेजांत अध्यापकांच्या खोलींत चहा घेतां घेतां त्याची गोष्ट निघाली, आणि एका तरुण सहकाऱ्यानें तिचा एका वाक्यांत निकाल लावला. तो म्हणाला, “ज्या संघानें मोठें केलें, त्याच संघाला खड्ड्यांत ढकलणारा गोल यानें मारला, मग त्याच्यासाठीं म्हाताऱ्यांनीं एवढे अश्रु ढाळण्यासारखें काय आहे?” या एका वाक्यांत तीन समजुती गुंतलेल्या आहेत. लॉनें मँचेस्टर युनायटेडला खालच्या वर्गांत लोटलें, ही पहिली. खेळाडूनें एकाच संघाला आमरण वाहून घेतलें पाहिजे, ही दुसरी. आणि जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी म्हणजे केवळ वार्धक्यांतला हळवेपणा, ही तिसरी. सुशिक्षित मंडळींत या तिन्ही समजुती सर्रास आढळतात, आणि माझ्या मतें तिन्ही खोट्या आहेत. पहिली हिशेबानें खोटी आहे, दुसरी नीतीनें, आणि तिसरी इतिहासाच्या दृष्टीनें.

मीं लॉला मैदानावर पाहिलेलें नाहीं. तो निवृत्त झाला तेव्हां मी पाटीवर मुळाक्षरें गिरवीत होतों. माझें ज्ञान चित्रफितींचें आणि पुस्तकांचें आहे, आणि ज्यांनीं त्याला प्रत्यक्ष पाहिलें त्यांच्या साक्षीपुढें तें मी दुय्यम मानतों. तरी ज्या वाचकांस हा खेळाडू अपरिचित असेल त्यांच्यासाठीं त्याचें चरित्र थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. स्कॉटलंडांतील अबरडीन बंदराच्या एका कोळ्याच्या सात मुलांतला हा धाकटा. जन्म १९४० चा. तो हडर्सफील्डच्या संघांत आला तेव्हां अंग किडकिडीत आणि डोळा तिरळा. या पोरानें फुटबॉल काय खेळावा, असें कोणासहि वाटावें. पुढें डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. १९५६ च्या डिसेंबरांत, सोळाव्या वर्षीं, तो पहिला सामना खेळला. १९६० सालीं मँचेस्टर सिटीनें त्याच्यासाठीं ५५,००० पौंड मोजले. ब्रिटनमधील संघांच्या व्यवहारांत तोंवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. पुढल्या वर्षीं तो इटलींत तोरिनो संघाकडे गेला, आणि १९६२ सालीं १,१५,००० पौंडांस मँचेस्टर युनायटेडकडे आला. सिटी आणि युनायटेड हे एकाच शहरांतले संघ, आणि त्यांची चुरस पिढीजात.

युनायटेडकडे अकरा वर्षांत ४०४ सामन्यांत त्यानें २३७ गोल केले. १९६४ सालीं युरोपांतील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूचा मान त्यास मिळाला; हा मान मिळविणारा तो एकमेव स्कॉटिश खेळाडू आहे. युनायटेडचे प्रेक्षक त्याला ‘राजा’ म्हणत. बाहीचें टोंक मुठींत धरून धांवायचें, उंच आलेल्या चेंडूसाठीं इतरांच्या आधीं उडी घेऊन क्षणभर जणुं अधांतरीं थांबायचें, आणि गोल झाला कीं एक हात उंच करून बोट आकाशाकडे दाखवायचें, या त्याच्या लकबी मँचेस्टरच्या पोरांनीं गल्लोगल्लीं उचलल्या. १९७३ सालीं तो पुन्हां सिटीकडे आला, आणि पुढल्या वर्षीं खेळांतून निवृत्त झाला.

आतां त्या बदनाम गोलाकडे वळूं. २७ एप्रिल १९७४ रोजीं युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर हे दोन संघ समोरासमोर आले. युनायटेड पहिल्या वर्गांतून घसरण्याच्या बेतांत होता. सामना संपण्यास थोडीं मिनिटें उरलीं असतां चेंडू लॉच्या पायांशीं आला. गोलाकडे त्याची पाठ होती. त्यानें तो टाचेनें मागें सारला, आणि चेंडू जाळ्यांत गेला. नेहमींचा तो हात त्या दिवशीं वर झाला नाहीं. सोबत्यांनीं पाठ थोपटली, तरी त्याची मान खालींच. लागलीच तो मैदान सोडून गेला. प्रेक्षक मैदानांत घुसले, सामना वेळेपूर्वींच थांबवावा लागला, आणि सिटीचा १-० हा विजय कायम धरण्यांत आला.

प्रसंग इतका नाट्यमय आहे कीं तो सांगणारास मोह आवरत नाहीं. राजानें आपल्याच हातानें आपली राजधानी जाळली, एवढें एकदां म्हटलें कीं गुणांचा तक्ता पाहण्याची गरज कोणास उरते? परंतु तो तक्ता पाहावाच. त्या सामन्यापूर्वीं युनायटेडचे ३२ गुण होते, आणि दोन सामने उरले होते. विजयास त्या काळीं २ गुण मिळत. दोन्ही सामने जिंकले असते तरी बेरीज ३६ च्या पुढें जात नव्हती. त्याच दुपारीं बर्मिंगहॅमनें नॉर्विचवर विजय मिळविला, आणि वांचलेल्या संघांतील सर्वांत खालच्या त्या संघाचे ३७ गुण झाले. म्हणजे लॉची टाच हलली नसती, तरी युनायटेड बुडणारच होता. तो बुडाला त्या एका दुपारीं नव्हे, ४२ सामन्यांच्या सबंध हंगामांत. त्या ४२ सामन्यांत त्याचे गोल झाले अवघे ३८. पेनल्टी मारण्यास ॲलेक्स स्टेपनी या गोलरक्षकाला पुढें पाठविण्याची पाळी आली, आणि हंगामाच्या मध्यास त्याचे दोन गोल संघांतील कोणाहूनहि कमी नव्हते! ज्या संघाची ही दैना झाली, त्यानें गोल करणारा माणूस कोठें घालविला, हा प्रश्न खरा विचारण्याजोगा आहे. तो विचारावयाचा नसला कीं टाचेची गोष्ट सांगावी.

येथून निष्ठेचा प्रश्न सुरू होतो. इंग्लंडांतील धंदेवाईक फुटबॉलच्या व्यवस्थेकडे पाहिलें, तर हा उपदेश कोणी कोणास करावा असा प्रश्न पडतो. १९६१ च्या जानेवारीपर्यंत खेळाडूच्या पगारास कमाल मर्यादा होती, आणि ती अखेरपर्यंत आठवड्यास २० पौंडांवरच होती. एका संघानें दुसऱ्यास लॉबद्दल ५५,००० पौंड दिले. पण खुद्द लॉला आठवड्यास २० पौंडांहून अधिक पगार देणें नियमबाह्य होतें. करार संपल्यावरहि संघाला खेळाडूचें नांव आपल्या दप्तरीं अडकवून ठेवतां येई, आणि मग त्यास दुसरीकडे खेळतां येत नसे. १९६३ सालीं जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यांत न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं ही पद्धत म्हणजे माणसाच्या व्यवसायावर घातलेलें गैरवाजवी बंधन होय, असा निर्णय दिला. बैलबाजारांत दोन धनी रुमालाखालीं बोटें दाबून सौदा ठरवितात. तेथें बैलाच्या निष्ठेची चौकशी कोणी करीत नाहीं. फुटबॉलांत मात्र सौदा धन्यांनीं करावयाचा आणि बेइमानीचा डाग बैलानें वाहावयाचा, असा उफराटा न्याय आहे.

लॉच्या आयुष्यांत हा न्याय दोनदां दिसतो. तोरिनोला तो नकोसा झाला, तेव्हां त्या संघानें त्याला युव्हेंटसच्या हवालीं करण्याचा घाट घातला. युव्हेंटस हा त्याच शहरांतला तोरिनोचा कट्टर प्रतिस्पर्धी! करारांतील बारीक कलमांप्रमाणें तुला गेलेंच पाहिजे, असें लॉला बजावण्यांत आलें. तो उठला आणि अबरडीनला आपल्या घरीं निघून आला. शत्रूच्या गोटांत त्याला धाडूं पाहणारा संघ होता, आणि न जाणारा खेळाडू होता. दुसरा प्रसंग १९७३ चा. युनायटेडसाठीं खेळतां खेळतां त्याचा गुडघा झिजला होता; १९६८ सालीं संघानें युरोपचा करंडक जिंकला, त्या रात्रीं हा शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयांत पडून होता. पुढें टॉमी डॉकर्टी व्यवस्थापक झाले. त्यांचें नांव संघास सुचविणारांत लॉहि होता. त्याच व्यवस्थापकांनीं त्याला विनामूल्य मोकळें केलें, आणि ती बातमी आपणांस अबरडीनला असतांना दूरचित्रवाणीवरून कळली, असें लॉचें सांगणें आहे. मग तो सिटीकडे गेला. कोठें जावयास हवें होतें?

कोणी म्हणेल, तेहतीस वर्षांचा आणि अधू गुडघ्याचा खेळाडू कमी करण्याचा संघास अधिकार नाहीं काय? अवश्य आहे. संघ हा धर्मादाय अन्नछत्र नव्हे. पण मग तोच व्यवहारी न्याय खेळाडूलाहि लावा. ‘तुझा उपयोग संपला’ असें एका तोंडानें म्हणावयाचें, आणि ‘तूं आमचाच राहा’ असें दुसऱ्या तोंडानें, हा करार नव्हे, वेठ आहे.

मँचेस्टरचाच इतिहास पाहा. युनायटेडची सारी कीर्ति ज्यांनीं उभारली ते मॅट बझ्बी स्वतः पूर्वीं सिटीचे खेळाडू होते. १९३४ चा एफ. ए. कप त्यांनीं सिटीकडून जिंकला, आणि नंतर ते लिव्हरपूलकडून खेळले. बिली मेरेडिथ १९०६ सालीं सिटींतून युनायटेडमध्यें आला आणि १९२१ सालीं परत सिटींत गेला. १९०७ सालीं खेळाडूंचा संघटित पक्ष याच शहरांत उभा राहिला, त्यांतहि तो अग्रभागीं होता. यांना कोणी घरभेदी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. जाणें क्षम्य धरलें, तरी तो चेंडू त्यानें सोडून द्यावयास नको होता काय? येथें माझें उत्तर स्पष्ट आहे. चेंडू जाणूनबुजून सोडला असता, तर ती खरी बेइमानी ठरली असती: ज्यांचा पगार घेतला त्यांच्याशीं, पैसे मोजून आलेल्या हजारों प्रेक्षकांशीं, आणि युनायटेडशींहि, कारण दयेनें मिळालेला निकाल हा कोणत्याहि स्वाभिमानी संघाचा अपमानच असतो. त्यानें काम चोख केलें आणि आनंद मात्र केला नाहीं. कर्तव्य आणि प्रेम यांची वांटणी याहून प्रामाणिकपणें कशी करावी, हें मला तरी ठाऊक नाहीं.

हा विषय मला जिव्हारीं लागतो त्यास एक खासगी कारणहि आहे. तरुणपणीं एका शिक्षणसंस्थेनें, विद्यार्थी घटले म्हणून, उन्हाळ्याच्या सुटींत पत्र धाडून मला मोकळें केलें. जूनमध्यें मी तिच्या प्रतिस्पर्धी संस्थेंत रुजू झालों. दोन वर्षांनीं माझ्या एका विद्यार्थ्यानें वक्तृत्वाचा करंडक जुन्या संस्थेच्या हातून हिरावून घेतला, तेव्हां तेथील एक गृहस्थ भर सभेंत मला म्हणाले, “सर, खाल्ल्या मिठाला जागला नाहींत!” मीठ त्यांनींच बंद केलें होतें, याचा त्यांना विसर पडला होता. निष्ठेची वसुली करणारे बहुधा आपल्या बाजूची पावती हरवून बसलेले असतात.

राहिली तिसरी समजूत, म्हाताऱ्यांच्या हळवेपणाची. २८ जानेवारी १९६१ रोजीं एफ. ए. कपच्या सामन्यांत सिटीचा संघ ल्यूटन येथें दोन गोलांनीं मागें पडला होता. नंतर लॉनें एकट्यानें एकामागून एक सहा गोल केले. सिटी ६-२ असा पुढें असतां, ६९ व्या मिनिटास, पावसानें मैदान चिखलमय झालें म्हणून पंचांनीं सामना रद्द केला. सामना नव्यानें खेळविण्यांत आला, त्यांत लॉनें पुन्हां एक गोल केला, पण सिटी ३-१ हरली. ते सहा गोल अधिकृत नोंदींत धरले जात नाहींत. कायद्याच्या दृष्टीनें ते झालेच नाहींत! ते झाले याचा खरा आधार कोणता? पावसांत भिजत ज्यांनीं ते पाहिले, त्यांची स्मृति. त्यांनीं मुलांस सांगितले, नातवांस सांगितले, म्हणून आज मला हें लिहितां येतें.

जुन्या लोकांच्या आठवणींत चुका नसतात, असें मी म्हणत नाहीं. त्या टाचेच्या गोलानें युनायटेड बुडाला, हें शपथेवर सांगणारे म्हातारेहि पुष्कळ असतील. अशा ठिकाणीं तक्त्यानें स्मृतीला दुरुस्त करावें, आणि ल्यूटनसारख्या ठिकाणीं स्मृतीनें तक्त्याला पुरें करावें. परंतु एका गोष्टींत या वृद्धांचें मत आम्हां पुस्तकी पंडितांहून शहाणपणाचें आहे. युद्धांत ओल्ड ट्रॅफर्डवर बाँब पडले, तेव्हां १९४५ पासून १९४९ पर्यंत युनायटेड आपले घरचे सामने सिटीच्या मेन रोड मैदानावर खेळत असे. ज्या पिढीनें हा शेजार पाहिला, तिला चुरस आणि द्वेष यांतला फरक कोणी शिकवावा लागला नाहीं. म्हणून १९७४ नंतरहि युनायटेडच्या लोकांनीं लॉचें राजेपण काढून घेतलें नाहीं. ओल्ड ट्रॅफर्डवर त्याचा पुतळा उभारला गेला, आणि तो गेला तेव्हां दोन्ही संघांनीं त्यास श्रद्धांजलि वाहिली. ज्यांचें नुकसान झालें असें आपण समजतों, त्यांनीं तक्रार केली नाहीं. तक्रार आहे ती हजारों कोसांवर चहा पिणारांची.

२०२१ सालीं लॉला स्मृतिभ्रंश जडल्याचें जाहीर झालें. त्या व्याधींत स्वतःचे गोल त्याच्या हातून निसटूं लागले, तेव्हां ते जपण्याचें काम या वृद्धांकडेच होतें. माझ्या तरुण सहकाऱ्यास मला इतकेंच सांगावयाचें आहे: वहींत जो गोल आहे त्यानें कोणी बुडालें नाहीं, आणि ज्या सहा गोलांनीं ल्यूटनच्या चिखलांत लोकांस तृप्त केलें ते वहींत नाहींत. वही अवश्य वाचावी. पण शेजारीं एखादा म्हातारा बसला असेल, तर त्यास विचारून वाचावी.