गृहकर्जाचा दर किती वर्षं बांधून घ्यावा?

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं की त्या संध्याकाळी घरोघरी एकच चर्चा रंगते: दर आता वर जाणार की खाली येणार? ज्यांचं गृहकर्ज चालू आहे ते हप्त्याच्या काळजीने विचारतात. ज्यांनी नुकतंच टोकन देऊन फ्लॅट ठरवलाय, त्यांना दर बांधून घ्यावा की चढउतारासोबत जाऊ द्यावा हे त्यावरून ठरवायचं असतं. माझी विनंती अशी की निर्णय घेताना हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्याचं खात्रीचं उत्तर कोणाकडेच नसतं, आणि गेल्या पाच-सहा वर्षांनी ते पुरेसं दाखवून दिलं आहे.

मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. गृहकर्जं पावणेसात टक्क्यांच्या आसपास मिळू लागली. इतकं स्वस्त कर्ज पुन्हा मिळणार नाही म्हणून लोकांनी घरं घेतली, पण मिळालेला दर बांधून घ्यावा असं फार थोड्यांना वाटलं. मग ४ मे २०२२ ला, ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता, रिझर्व्ह बँकेने दर ०.४० टक्क्याने वाढवला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला होता. नऊ महिन्यांत अडीच टक्के. त्यानंतर वर्षभर ‘आता कपात होईल’ असं ऐकू येत राहिलं, ती प्रत्यक्षात आली फेब्रुवारी २०२५ मध्ये. आणि एकदा सुरू झाल्यावर डिसेंबर २०२५ पर्यंत दर ५.२५ वर उतरलासुद्धा. या प्रवासात ज्यांनी २०२३ मध्ये घाबरून चढ्या भावाने दर बांधला ते दोन वर्षांत पस्तावले, आणि ज्यांनी २०२१ मध्ये बांधला असता त्यांचं भलं झालं असतं. पण दर तळाला असताना बांधायची गरज कोणालाच जाणवत नाही. ती जाणवते दर चढल्यावर, म्हणजे बरोबर चुकीच्या वेळी.

त्या नऊ महिन्यांनी घरांमध्ये काय केलं ते आकड्यांत पाहू. समजा ५० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, दर ६.७५ टक्के. हप्ता ३८,०१८ रुपये. वर्षभर हप्ते भरल्यावर मुद्दल साधारण ४८ लाख ७८ हजार उरतं. आता दर ९.२५ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर महिन्याचं व्याजच ३७,६०० च्या घरात जातं. मुद्दलात जमा होतात जेमतेम चारशे रुपये. या गतीने कर्ज फिटायला जवळपास ४९ वर्षं लागतील. हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात दर टप्प्याटप्प्याने वाढला, आणि कर्जदाराच्या वयाची मर्यादा आली की बँका हप्ता वाढवतातच. पण कित्येक घरांत हप्ता बदलला नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजलं गेलं, आणि मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेल्याचं फार उशिरा कळलं.

हे इतकं वाढलं की १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितलं: दर बदलेल तेव्हा हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडू द्या, त्याला लेखी कळवा, दर तिमाहीला हिशोब द्या. फिक्स्ड दराकडे वळण्याचा पर्याय द्यायचंही त्यात बंधन होतं. ऑक्टोबर २०२५ पासून हा शेवटचा पर्याय देणं बँकेच्या मर्जीवर सोडलं आहे. म्हणून ‘पुढे वाटलं तर फिक्स्डवर जाऊ’ असं मनात धरून चालणार असाल, तर ती सोय तुमच्या बँकेत आहे का आणि तिला किती शुल्क लागतं, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्या.

आता बांधण्याची किंमत. आपल्याकडे पूर्ण वीस वर्षांसाठी दर बांधून देणारं कर्ज दुर्मीळ आहे. कारण साधं आहे: बँकेकडचा पैसा तुमच्या-आमच्या एक, दोन, पाच वर्षांच्या ठेवींचा असतो. ठेवीवरचं व्याज दोन वर्षांनी बदलणार असताना कर्जावरचं व्याज वीस वर्षं तेच ठेवायचं, तर त्या धोक्याचे पैसे बँक आधीच तुमच्याकडून घेणार. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन, तीन किंवा पाच वर्षं फिक्स्ड आणि मग फ्लोटिंग असं मिश्र कर्ज मिळतं, आणि फिक्स्डचा दर बहुधा फ्लोटिंगपेक्षा जास्त असतो.

समजा फ्लोटिंग साडेसात टक्क्यांनी मिळतंय आणि तीन वर्षं फिक्स्ड नऊ टक्क्यांनी. ५० लाखांवर, २० वर्षांसाठी, एक हप्ता ४०,२८० आणि दुसरा ४४,९८६. महिन्याला ४,७०६ रुपये जास्त, म्हणजे तीन वर्षांत सुमारे १ लाख ६९ हजार. शिवाय तीन वर्षांनी फिक्स्डवाल्याचं मुद्दल ५५ हजारांनी जास्त उरलेलं असतं, हे सहसा कोणी दाखवत नाही. दर हलले नाहीत तर मिळून सव्वादोन लाखांचा फरक. हे पैसे वसूल व्हायचे तर तीन वर्षांत फ्लोटिंगची सरासरी नऊच्या वर जायला हवी. दर हळूहळू, सारख्या गतीने वाढत गेला तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तो साडेदहापर्यंत पोचायला लागेल. होऊ शकतं का? २०२२ मध्ये याहून वेगाने झालं. पण फरक अर्ध्या टक्क्याचा असेल तर गणित पार बदलतं. तेव्हा फिक्स्ड वाईट किंवा चांगलं असं सरसकट बोलण्यात अर्थ नाही. फरक किती, ते आधी विचारा, आणि त्यावर वरचा हिशोब मांडा. दीड टक्का जास्त द्यावा लागत असेल तर माझ्या मते बहुतेक नोकरदार कुटुंबांनी फिक्स्ड घेऊ नये. अर्धा-पाऊण टक्का असेल तर गंभीरपणे विचार करावा.

हे जास्तीचे पैसे म्हणजे विम्याचा हप्ता आहे. विमा घेताना आपण अपघात होणार की नाही याचं भाकीत करत नाही. झाला तर घर सावरेल का, एवढं पाहतो. दर बांधतानाही तेच पाहायचं. वरच्याच कर्जाचा दर अडीच टक्क्यांनी वाढून दहावर गेला तर हप्ता ४८,२५१ होतो, आठ हजारांची वाढ. नवरा-बायकोने एकत्र बसून महिन्याचा खर्च लिहून काढा आणि विचारा: हे आठ हजार कुठून येतील? दोघांची नोकरी पक्की आहे, हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आहे, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, तर तुम्हाला विम्याची गरज नाही. फ्लोटिंग घ्या आणि शांत झोपा. पण एकाच पगारावर घर चालत असेल, आई-वडिलांच्या औषधांचा खर्च असेल, मुलीचं अभियांत्रिकीचं शिक्षण तोंडावर असेल आणि हप्ता आत्ताच पगाराच्या निम्म्यावर गेला असेल, तर थोडं महाग पडलं तरी दर बांधा. तुमच्यासाठी चढता हप्ता म्हणजे नुसती गैरसोय नसते, मुलीची फी थांबते. (खरं तर हप्ता निम्म्यावर जात असेल तर थोडं लहान घर बघा, हाच माझा पहिला सल्ला. पण टोकन देऊन झालेल्या माणसाला तो रुचत नाही.)

किती वर्षं बांधायचा, याचं उत्तर व्याजदराच्या आलेखात शोधू नका, ते तुमच्या घरात आहे. घरातला ओढाताणीचा काळ जितका, तितकाच दर बांधा. बाळ लहान असल्यामुळे बायकोने तीन वर्षं नोकरी थांबवली असेल तर तीन वर्षं. मुलाचं इंजिनीअरिंग चार वर्षांत संपणार असेल तर पाचऐवजी चारच्या जवळचा पर्याय मागा. आणि त्या काळात घर विकण्याची, बदली होण्याची, गावची जमीन विकून किंवा वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून मोठी रक्कम कर्जात भरण्याची शक्यता असेल, तर लांब मुदतीला बांधू नका.

हा शेवटचा मुद्दा जरा खोलात सांगायला हवा, कारण पैसे इथेच जातात. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँकेला दंड घेता येत नाही. हा नियम २०१२ पासून आहे. फिक्स्ड दरावर मात्र बँक शुल्क घेऊ शकते. मिश्र कर्जाबाबत १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना लागू झालेला नियम असा: तुम्ही पैसे भरता त्या दिवशी कर्ज फ्लोटिंगवर असेल तर दंड नाही, फिक्स्डच्या काळात असेल तर तो लागू शकतो. म्हणजे पाच वर्षं दर बांधलात तर पाच वर्षं दिवाळीचा बोनस कर्जात टाकताना आधी दंड विचारावा लागेल, आणि दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं झालं तरी तोच अडसर. शिवाय मंजुरीपत्रातली बारीक अक्षरं वाचा. नावाला फिक्स्ड असलेल्या करारात काही वर्षांनी दर नव्याने ठरवण्याचं कलम असू शकतं. फिक्स्ड काळ संपल्यावर कोणता दर लागेल, तो रेपोशी जोडलेला असेल की बँकेच्या मर्जीच्या दराशी, आणि वरचा फरक किती राहील, हे लेखी मागा. तोंडी आश्वासनाला तीन वर्षांनी काही किंमत राहत नाही, कारण तोवर तो अधिकारी दुसऱ्या शाखेत गेलेला असतो.

फ्लोटिंगवर राहणाऱ्यांना मात्र दर बांधण्याचा फायदा स्वतःच्या हाताने मिळवता येतो, आणि तो फुकट असतो. दर उतरला की हप्ता कमी करू नका. समजा तुमचे ५० लाख आणि २० वर्षं बाकी आहेत आणि दर ८.७५ वरून साडेसातवर आला. आधीचा हप्ता ४४,१८६ होता, नवा ४०,२८० होऊ शकतो. तुम्ही ४४,१८६ च भरत राहिलात तर, दर तसाच राहिल्यास, कर्ज साधारण १६ वर्षं ५ महिन्यांत फिटतं आणि व्याजाचे सुमारे साडेनऊ लाख वाचतात. पुढे दर पुन्हा चढला तरी मुद्दल तोवर बरंच उतरलेलं असतं, त्यामुळे धक्का हलका बसतो. ज्या घरांना आधीचा हप्ता जड जात नव्हता, त्यांच्यासाठी मला तरी यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही.

परदेशात असलेल्या आपल्या माणसांपुढे हाच प्रश्न अधिक धारदार आहे. ब्रिटनमध्ये दोन वर्षं की पाच वर्षं हे जवळपास प्रत्येकाला ठरवावं लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्क्यावर असलेला बँक ऑफ इंग्लंडचा दर ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ वर होता. त्या दरम्यान ज्यांचा फिक्स्ड काळ संपला त्यांचे हप्ते एकदम उडाले. तिथे फिक्स्ड काळात कर्ज मोडलं तर बाकी रकमेच्या काही टक्के दंड पडतो. त्यामुळे व्हिसा, नोकरी, मुलांची शाळा यांचं अजून नक्की नसेल तर पाच वर्षांत अडकू नये, आणि घर बदललं तर तोच करार नव्या घरावर नेता येतो का हे आधी विचारावं. अमेरिकेत तीस वर्षं दर बांधून मिळतो म्हणून तिथल्या भावा-बहिणीचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नका.

ज्यांचं कर्ज जुनं आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग गृहकर्जाचा दर रेपोसारख्या बाहेरच्या मापाशी जोडलेला असतो आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बदलला जातो. त्याआधीचं कर्ज अजून एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेच्या स्वतःच्या मापांवर असेल, तर २०२५ मधली सव्वा टक्क्याची कपात तुमच्यापर्यंत पूर्ण पोचलेली नसण्याची दाट शक्यता आहे. किरकोळ शुल्क भरून रेपोशी जोडलेल्या दरावर जाता येतं. गृहवित्त कंपन्यांवर रेपोशी जोडण्याचं बंधन नाही, त्यामुळे तिथलं कर्ज असेल तर आज नव्या ग्राहकाला काय दर मिळतोय ते विचारा आणि तोच मागा. न मागता तो मिळत नाही.

येत्या सुट्टीच्या दिवशी कपाटातून मंजुरीपत्र काढा, मोबाइलवर कर्जाचा ताजा उतारा उघडा आणि आजचा दर, बाकी मुद्दल आणि उरलेले महिने एका कागदावर लिहा. उरलेले महिने मूळ मुदतीपेक्षा वाढलेले दिसले तर सोमवारीच बँकेला ईमेल करून विचारा की मुदत कधी आणि कोणाच्या संमतीने वाढली. हप्ता थोडा वाढवून ती पुन्हा खाली आणून मागा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला एक रुपयाही लागत नाही.