फोन हिसकावून घेण्याआधी



वर्षावास सुरू झाला की वस्तीतल्या विहारात रविवारी माणसे वाढतात. ग्रंथवाचन होते, खीरदान होते. यंदा वंदनेनंतरचा एक तास आम्ही मुलांसाठी मागून घेतला. विषय मोबाईल आणि इंटरनेट. विहारातले एक ज्येष्ठ म्हणाले, "याचं अन् धम्माचं काय नातं?" आम्ही म्हणालो, "नातं मागून शोधू, आधी लेकरांना विचारू तर द्या."

पहिल्याच रविवारी विचारले, "वडिलांच्या फोनचं लॉक कोणाकोणाला उघडता येतं?" झाडून सगळे हात वर. "आणि पैसे पाठवायचा पिन?" निम्म्याहून जास्त हात वर. मागे सतरंजीवर बसलेले बाप एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

हे असे का झाले ते आपल्याला ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कंपन्यांत काम थंडावले असतानाही आपल्या लोकांनी हप्त्याने फोन घेतले, कारण लेकराचे वर्ष बुडता कामा नये. पुढे शाळा उघडल्या, फोन मात्र घरातच राहिला. बंगल्यात पोरागणिक फोन असतो. आपल्या घरी एकच, आणि तीच बँक, तीच शाळा, तोच टीव्ही. 'मुलांना सर्वांसमोर फोन बघू द्या' असे छापून येते. आपले घरच एका खोलीचे, सगळे सर्वांसमोरच चालते. तरी पोरगं गोधडीत शिरून काय बघते ते कोणाला कळत नाही.

पहिली ते चौथीच्या मुलांना फार काही सांगावे लागले नाही. त्यांना लिहिता येत नाही, पण फोनशी बोलून हवे ते शोधता येते. नको ते समोर आले की ती घाबरतात आणि गप्प बसतात. त्यांच्याकडून आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेतली: वाईट दिसले की फोन पालथा टाकायचा आणि आईला हाक मारायची. खोटा खोटा फोन करून नाटक केले, पोरे खूप हसली. आई-बापांना मात्र वेगळे सांगितले. हाक मारल्यावर पहिला धपाटा बसला, तर दुसऱ्या वेळेला हाक येणार नाही.

पाचवी ते सातवीची मुले पैशाच्या जवळ पोचलेली असतात. एका मुलाने विचारले, "पैसे येण्यासाठी पण पिन टाकावा लागतो ना?" हे त्याला गेममध्ये भेटलेल्या कोणीतरी सांगितले होते. त्या दिवशीचा सगळा तास यातच गेला आणि तो जाणे बरे झाले, कारण चार-दोन मोठ्या माणसांचाही हाच समज होता. पिन फक्त आपले पैसे जाताना लागतो. पैसे येताना पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, क्यूआर कोडही आपण स्कॅन करायचा नसतो. आणखी एक ठगी सांगितली. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती पत्रिका नसते, ते अॅप असते. ते फोनमध्ये बसले की आपले मेसेज, त्यातला ओटीपीसुद्धा, दुसरीकडे वाचला जाऊ शकतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला. पण साध्या गेममधल्या बंदुका अन् कपडे विकत घेता येतातच, आणि बापाची रोजंदारी त्यातही जाते. पैसे गेले तर रडत बसू नये, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवतात. तो वाटेत असतानाच तक्रार झाली तर बँकेला अडवता येतो. उद्या बघू म्हटले की गेला. पण हे कधी होईल? पोराने मार खाण्याच्या भीतीने दोन दिवस लपवले नाही तरच.

आता आठवी ते दहावी. इथे आम्हाला थांबून लिहायचे आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी. जयंतीच्या कार्यक्रमात निळी साडी नेसून नाचली, फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यात लाजण्यासारखे काहीच नव्हते. कोणीतरी त्या फोटोतला चेहरा घेऊन घाणेरडे चित्र बनवले. आता हे फोनवर चुटकीसरशी होते, मुलीने काही पाठवलेले असावे लागत नाही. ते चित्र तिलाच पाठवून वर धमकी की पैसे दे, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. मुलीने आईच्या डब्यातले पैसे काढून दिले. त्याने आणखी मागितले. तीन आठवडे हे चालले.

तीन आठवडे ती गप्प का राहिली? तिने नंतर आत्याला सांगितले ते असे: "गल्लीतल्या एका ताईच्या फोनमध्ये मुलाचा मेसेज सापडला, तर तिची शाळा सोडवली आणि लग्न जमवलं. माझंही तेच होईल वाटलं."

त्या नालायकाच्या धमकीपेक्षा तिला आपल्या घराची भीती जास्त होती. आम्ही त्या घरी गेलो तेव्हा वडिलांचे पहिले वाक्य होते, "उद्यापासून शाळा बंद." दुसरी पाळी करून आलेला माणूस, डोळे लाल, राग कोणावर काढावा हे कळत नव्हते. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "दादा, चोर घरात शिरला तर आपण चोराला धरतो का घरातल्या लेकीला बाहेर काढतो?" ते बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पण पोलिसात गेलो तर बोभाटा होईल ना?"

ही भीती खरी आहे, म्हणून कायदा काय म्हणतो ते प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. तो मुलींना लागू आहे तसा मुलांनाही आहे, आणि मुलांनाही असे फसवतात हे विसरू नये. या कायद्याप्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो छापता किंवा दाखवता येत नाही. जबाब घ्यायला पोलीस गणवेशात नसावा, शक्यतो महिला अधिकारी असावी, आणि जबाब घरीही देता येतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. लहान मुलांची अश्लील चित्रे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहेच. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी ठिकाणी घरबसल्याही करता येते. मुलांसाठी १०९८ हा मोफत नंबर आहे.

त्या मुलीने घाबरून सगळे मेसेज पुसले होते. ते पुसू नयेत. समोरच्याच्या खात्याचे नाव, मेसेज, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट आधी घ्यावेत, मग त्याला ब्लॉक करावे. पैसा एकदा दिला की मागणी वाढते. ते चित्र मात्र 'पुरावा' म्हणून काका-मामांच्या ग्रुपवर कधीही फिरवू नये. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे. तिथे चित्र पाठवावे लागत नाही. आपल्या फोनवरच त्या चित्राची खूण तयार होते आणि फक्त ती खूण इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्यांकडे जाते. त्यांच्याकडे ते चित्र आले तर त्या खुणेवरून त्यांना ओळखून काढता येते.

आणखी एक. इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखाली खाते काढता येत नाही, आणि १८ खालच्यांचे खाते आपोआप खासगी ठेवले जाते. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी जन्मसाल २००० टाकलेले निघाले! म्हणजे फोनच्या लेखी सगळे पंचविशीचे घोडे, मग ते संरक्षण मिळणार कसे? तिथेच बसून ज्यांचे दुरुस्त होत होते त्यांचे केले.

मोठ्या मुलांचा विषय निराळाच निघाला. एक जण म्हणाला, "सर, बाबासाहेबांची विटंबना केलेला फोटो आला होता. मी लगेच ४० ग्रुपवर टाकला, समाज जागा व्हावा म्हणून." आम्ही विचारले, "म्हणजे ज्याने तो बनवला त्याचं काम कोणी केलं?" पोरगा खाली बघू लागला. राग खोटा नव्हता त्याचा. पण ११ जुलै १९९७ चा दिवस आम्ही विसरलेलो नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी पुतळ्याला चपलांची माळ दिसली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात आपली १० माणसे गेली. तेव्हा कोणाला तरी अंधारात पुतळ्यापर्यंत जावे लागले होते. आता घरबसल्या ते आपल्या खिशात पोचतात, आणि चिडून लिहिलेल्या शिवीसाठी गुन्हा दाखल होतो तो आपल्या पोरावर. पुढे नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत तोच कागद आडवा येतो. असे काही आले तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवावी, चार जाणत्या माणसांनी मिळून लेखी तक्रार द्यावी, आणि ते चित्र आपल्या फोनमधून पुढे जाऊ देऊ नये.

अफवेचेही तेच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने ५ जणांना ठेचून मारले. ती पोट भरायला आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती, म्हणजे भटके, म्हणजे आपल्यासारखीच गावाबाहेरची. मुलांना हे सांगताना आम्हाला नामांतराचे दिवस आठवले. तेव्हा पत्रक हाती आले की आम्ही आधी खाली सही कोणाची ते बघायचो, आणि निनावी पत्रक वाटायला कोणी हात लावत नसे. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते तरी वेगळे काय होते? ऐकीव आहे म्हणून मानू नका. आमचे ज्येष्ठ तेव्हा मागून हळूच म्हणाले, "नातं सापडलं वाटतं."

अकरावी-बारावीच्या मुलांना शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल सांगितले. महाडीबीटीचा अर्ज भरताना आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, सगळे नेट कॅफेच्या कॉम्प्युटरवर जाते. काम झाले की बाहेर पडायचे म्हणजे लॉगआउट करायचे आणि उतरवलेल्या फाईली पुसून यायचे. शिष्यवृत्ती मंजूर झाली, लिंक दाबा, असा मेसेज आला तर पत्त्यात शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघायचे. नसेल तर कॉलेजच्या खिडकीवर जाऊन विचारायचे. पासवर्ड एजंटकडे ठेवायचा नाही.

त्या मुलीची शाळा सुटली नाही. ती दर रविवारी येते, लहान मुलांच्या नाटकात खोट्या फोनवरचा 'अंकल' तीच होते. वडीलही मधून येऊन मागे बसतात. गेल्या वेळी त्यांनीच विचारले, आयांसाठी असा तास का घेत नाही? रविवारी त्यांना दुसऱ्यांच्या घरची धुणी-भांडी सुटत नाहीत, म्हणून आता बुधवारी रात्री नऊ वाजता बसायचे ठरले आहे. येताना फोन आणावा, आणि तो वाचून दाखवायला घरातले एक शाळकरी लेकरू.