निरोप अकराचा, आई वेचणीला

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यात कापसाच्या वेचणीला जोर चढतो. सकाळीच शेतावर गेलेली आई दिवस कलल्यावर परतते. नेमक्या याच दिवसांत पहिल्या सत्राचे गुण हाती येतात आणि शाळेचा निरोप जातो, 'पालकांनी अकरा वाजता भेटावे.' त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. आई येत नाही. शेरा पडतो : पालक उदासीन!

हा शेरा आता मुलाला महाग पडू शकतो. राज्याने २०२३ साली नियम बदलले. पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झालेल्याची दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची, त्यातही अडखळला तर तोच वर्ग पुन्हा. मधल्या काळात जादा मार्गदर्शन द्यायचे. पण विदर्भात हा काळ ऐन उन्हाचा. पोर मामाच्या गावी गेले तर शिकवायचे कोणाला?

कायद्याने पालकांना दूर ठेवलेले नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत. मुलाची हजेरी, आकलन, प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. तरी समितीत गणवेश, आहार, डागडुजी यांचीच चर्चा व्हायची. एका मुलाचे नेमके काय अडले, हे तिथे निघणार कसे?

वर्ध्याला हे नवे नसावे. १९३७ च्या इथल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम उभी राहिली. आपण त्यातली टकळी तेवढी लक्षात ठेवली. १९४५ साली सेवाग्रामला तिची व्याप्ती प्रौढांपर्यंत नेली गेली, म्हणजे आईबापही शिक्षणाच्या कक्षेत आले, हे मात्र विसरलो.

मागे पडलेल्या एका मुलासाठी चार माणसे पुरेत : आई, वर्गशिक्षक, संध्याकाळी घरी असणारी आजी आणि त्याला लहानपणापासून ओळखणारी अंगणवाडीताई. फळा दिसतो का? अक्षरे उलटसुलट होतात का? तसे असेल तर तपासणी हवी. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या कायद्याने मान्यता दिली आहे. धाकट्याला सांभाळायला तो घरी राहतो का? हे आजीच सांगेल.

अडचण वेळेची आहे. अनेक गुरुजी वर्ध्याहून अपडाऊन करतात; आई परतते तेव्हा त्यांची एसटी सुटलेली असते. पण आठवडी बाजाराच्या दिवशी बहुतेक मजूर कामावर जात नाहीत. शाळेने भेटीसाठी तोच वार का धरू नये?