गाडीची कुरकुर

जुन्या गाडीच्या आवाजांविषयी प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. चालविणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही आणि मागे बसणाऱ्यांना सर्व काही ऐकू येते. दाराची खडखड, काचेची थरथर, डिकीतल्या जॅकची आदळआपट यांवर दोन्ही पक्षांचे एकमत झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. पण एक आवाज असा आहे की, तो दोघांनाही एकाच वेळी ऐकू येतो. गल्लीच्या तोंडाशी स्टिअरिंग पुरते वळविले की बॉनेटखालून कोणीतरी कण्हल्यासारखे ‘कूंऽऽ’ करते, आणि चाके सरळ झाली की ते गप्प होते. पॉवर स्टिअरिंगचे हे दुखणे आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे. कारण या एका आवाजापायी पुष्कळ घरांतून धडधाकट गाड्या विकल्या गेल्या असाव्यात असा माझा संशय आहे.

प्रथम हे पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय ते पाहू. पूर्वीच्या मोटारीचे चक्र फिरविणे हे मनगटाचे काम होते. अवजड मालमोटारीचे तर खांद्याचे. पिअर्स-ॲरो या अमेरिकन कारखान्याच्या मालमोटारींवर काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने तेलाच्या दाबाने चाके वळविण्याची युक्ती काढली आणि १९२६ साली ती चालवून दाखविली. विक्रीच्या मोटारीत ती यायला मात्र १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीच्या ‘इम्पीरियल’ गाडीत ती प्रथम बसली.

युक्ती साधी आहे. इंजिनावरच्या पट्ट्याने एक लहानसा पंप फिरतो. तो डबीतले ऑइल शोषून घेतो आणि मोठ्या दाबाने पुढच्या चाकांजवळच्या रॅकमध्ये ढकलतो. तुम्ही चक्र ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला आतला व्हॉल्व्ह ऑइलला वाट करून देतो. ऑइल चाकांना रेटते आणि पुन्हा डबीत येऊन पडते. म्हणजे जोर तेलाचा आणि श्रेय आपले. या सर्व खटाटोपात पंपाला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे हवा. ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे पंपात शिरले की ते आत फुटतात, पंप कण्हू लागतो, आणि हे फार दिवस चालले तर आतून खरवडून खरोखरच निकामी होतो.

आमच्याकडे हा प्रश्न निव्वळ कानाचा राहिला नव्हता. गाडीला चौदा वर्षे होऊन गेलेली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून घेऊन ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. वाढवावी की गाडी काढून टाकावी, यावर घरात रोज रात्री परिषद भरत असे. नगरच्या एका गॅरेजवाल्याने आवाज ऐकताक्षणी निकाल दिला होता : “पंप गेला. रॅकही बदलून टाका.” त्याने कागदावर लिहून दिलेला आकडा गाडीच्या त्या वेळच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास होता. मुलाने फोनवरून सांगितले, “बाबा, विकून टाका.” हिशेबाला ते बरोबरच होते. पण माझ्या सासूबाई करमाळ्यास राहतात. वय ब्याऐंशी. डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना दर महिन्याला नगरला आणावे लागते आणि एस.टी.ची उंच पायरी चढणे त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही. “गाडी गेली तर आईचे महिने चुकतील हो,” एवढे एकच वाक्य आमची ही त्या परिषदेत बोलली. त्यावर कोणापाशी उत्तर नव्हते.

असेच एकदा त्यांना आणावयास दोघे निघालो असता मिरजगाव आले. हे मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावरचे, कर्जत तालुक्यातले. कर्जत म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकांस बटाटेवडा व रेल्वेचा घाट आठवतो. ते कर्जत वेगळे. आमचे कर्जत ज्वारीचे आणि उन्हाचे. याच तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. गावात शिरताना आवाज इतका वाढला की चहाच्या टपरीवरची मंडळी वळून पाहू लागली. त्यांच्यापैकीच एकाने कडुनिंबाखालच्या गॅरेजकडे बोट दाखविले.

मिस्त्री साठीच्या घरातले, अंगात तेलकट खाकी सदरा. त्यांनी बॉनेटला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले. आवाज वळताना येतो की सरळ जातानाही? सकाळी गाडी थंड असताना जास्त की तापल्यावर? चक्र जड लागते का? खड्ड्यात ‘ठक्’ होते का? मी सांगितले : वळताना, सकाळी जास्त, मधूनच जड, आणि ठक् मुळीच नाही.

“मग रॅकला कशाला हात लावायचा, साहेब?” ते म्हणाले. “ऑइल कमी हुतं का?”

“गॅरेजवाल्याने पाहिले. बरोबर खुणेवर होते.”

“इंजिन बंद ठेवून पाहिलं असंल.”

त्यांनी मला चाकावर बसवून इंजिन चालू ठेवावयास सांगितले व डबीचे झाकण काढून आत बॅटरीचा उजेड टाकला. “आता सावकाश डावीकडं. आता उजवीकडं.” मग आमच्या हिला त्यांनी बोलाविले. “या ताई, बघा. ताक घुसळल्यावाणी झालंय का न्हाई?” खरोखरच डबीत गुलाबी फेस दाटला होता. मग त्यांनी इंजिन बंद करावयास लावले. त्यासरशी डबीतले ऑइल बोटभर वर चढले. “आत कोंडलेली हवा फुगली. पंप रडतोय खरा, पण दुखणं त्याचं न्हाई.”

आता ही हवा शिरते कोठून? दाबाच्या नळीला भोक असते तर ऑइल बाहेर उडून खाली थारोळे झाले असते. जमीन तर कोरडी. तेव्हा दोष डबीपासून पंपाकडे जाणाऱ्या शोषणाच्या नळीत असला पाहिजे. तेथे गळती आतल्या बाजूला होते. ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि म्हणून ती कोणाला दिसत नाही. मिस्त्रींनी इंजिन चालू करून, फिरत्या पट्ट्यापासून बाही सांभाळीत, त्या नळीच्या सांध्यावर थोडे ऑइल सोडले. क्षणभर सांधा ऑइलने बुजला आणि कण्हणे थांबले! ऑइल आत ओढले जाताच पुन्हा सुरू झाले. याहून स्वच्छ पुरावा कोर्टातही मिळत नसेल.

पुढचे काम तासाभराचे. चौदा वर्षांच्या उष्णतेने रबरी नळी टोकाशी कडक होऊन तडकली होती आणि तिच्यावरची क्लिप सैल पडली होती. त्याच मापाची, ऑइल सोसणारी नवी नळी व नवी क्लिप बसली. डबीच्या तळाची बारीक जाळी गाळाने भरली होती, ती धुऊन झाली. जुने काळपट ऑइल काढून गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच नवे भरले. मग पुढची चाके जॅकवर उचलून, खाली भक्कम ठोकळे देऊन, इंजिन बंद असतानाच चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरविले. बुडबुडे वर येत होते, ऑइल खाली जात होते, ते पुन्हा भरीत होते. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू केले. आवाज नाही! एकूण खर्च गॅरेजवाल्याच्या आकड्यापुढे चिल्लर म्हणावा इतका.

वाचकांनी यावरून प्रत्येक पंप निर्दोष असतो असे समजू नये. हवा काढल्यावर, ऑइल व पट्टा ठीक असूनही कण्हणे चालूच राहिले, तर पंप झिजलेला असू शकतो आणि तो बदलावाच लागतो. पण तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे. आवाजांची ओळख ठेवली तर निम्मे काम घरीच होते. वळताना पातळ, कर्कश किंकाळी निघाली तर पट्टा सैल किंवा झिजलेला समजावा. तो तुटला तरी गाडी वळते, फक्त चक्र फार जड होते. घाबरून न जाता कडेला घ्यावी. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही असतो, तेव्हा तशीच पुढे दामटू नये. चक्र अगदी टोकाला नेल्यावर ‘स्स्’ असा आवाज येणे स्वाभाविक आहे. जादा दाब व्हॉल्व्हवाटे सुटत असतो. मात्र टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा धरून ठेवू नये. खड्ड्यात किंवा वळताना ‘ठक्’ झाले तर ते ऑइलचे दुखणे नव्हे. टाय-रॉडचे सांधे किंवा सस्पेन्शन पाहावयाचे असते, आणि ते काम उद्यावर टाकू नये. चाकाजवळच्या रबरी घडीच्या पिशवीत ऑइल साचले असेल तर मात्र रॅकचे सील गेले, हे निश्चित.

ज्यांच्या गाडीत विजेच्या मोटरीचे स्टिअरिंग आहे त्यांना यातले ऑइल-पुराण लागू नाही. जपानमध्ये १९८८ साली सुझुकीच्या ‘सर्व्हो’ या छोट्या गाडीत ते आले आणि आता नव्या गाड्यांत बहुतेक तेच असते. त्यांना डबीच नसल्यामुळे ती शोधीत बसू नये.

आमच्या गाडीची नोंदणी पाच वर्षांनी वाढली आहे आणि सासूबाईंचा एकही महिना चुकलेला नाही. वाचकांपैकी पुष्कळजण या दिवाळीत जुन्या गाडीने गावी निघतील. निघण्यापूर्वी दोन मिनिटे काढून ती डबी उघडून पाहा. इंजिन बंद असताना पातळी, चालू असताना फेस. ऑइल कमी असेल तर पुस्तकात लिहिले असेल तेच भरा. घरात पडून असलेले ब्रेक ऑइल, ‘ऑइल ते ऑइल’ असे म्हणून, त्यात चुकूनही ओतू नका. ते आतली रबरी सीले खाऊन टाकते, आणि मग मिरजगावच्या मिस्त्रींचाही इलाज चालावयाचा नाही.