आपल्यात कसला कागद?

शनिवार सकाळ. आज कोडबद्दल काही नाही, नव्या मिसळीचा शोधही नाही. आज जरा भांडायचंय.

नव्याने इकडे आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. मी आणि माझे तीन मित्र दोन वर्षं एक छोटा सिनेमा करतोय. गुऱ्हाळावरची गोष्ट आहे. सोमवार ते शुक्रवार नोकरी, शनिवार-रविवार शूटिंग. कॅमेरा भाड्याचा, डबा एकाच्या आईच्या हातचा. आजवरचा खर्च ६ लाख ४० हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अगदी सुरुवातीला मी म्हटलं होतं, दोन पानं लिहून ठेवूया का? कुणाचे किती पैसे, कुणाचं काय काम, वाटणी कशी. तिघंही हसले. "भावा, आपल्यात कसला कागद?" मग मीही हसलो. ती माझी पहिली चूक.

आमच्यात तत्त्वांची चर्चा भरपूर व्हायची हो. रंकाळ्यावर बसून रात्री बारा-बारापर्यंत. आयटम साँग घालायचं नाही, शेवट गोड करायचा नाही, कुणी कितीही सांगू दे. वाटायचं, आपण लई प्रामाणिक.

मग गेल्या महिन्यात साउंडसाठी पैसे संपले. ओळखीतला एक व्यापारी पाचवा भागीदार व्हायला तयार झाला. त्याला दाखवायचा हिशोब एकानं एक्सेलमध्ये करून पाठवला. एकूण खर्च : ९ लाख ५० हजार. मी फोन केला. उत्तर आलं, "अरे त्याला कुठं कळतंय? आपला वाटा मोठा दिसतोय की. या लाईनीत सगळेच करतात."

त्याच शीटमध्ये गुळव्याच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. चार रात्री त्या माणसानं आमच्या शॉटसाठी चुलवाण पेटतं ठेवलं होतं. त्याला आम्ही काय सांगितलं होतं? "सिनेमा चालला की बघू." म्हणजे आमच्या हिशोबात न झालेला खर्च होता, आणि झालेला खर्च नव्हता.

च्यायला, आणि आम्ही आयटम साँग नाकारणारे!

माझं म्हणणं सरळ आहे. कमी पैशाच्या सिनेमातला प्रामाणिकपणा पडद्यावर शोधू नका, वहीत शोधा. कोण कुणाला काय सांगतो, कुणाला पैसे मिळतात आणि श्रेयनामावलीत कुणाचं नाव येतं, तिथं तो असतो किंवा नसतो. गाणं नाकारायला काही लागत नाही, ते आम्हाला परवडणारच नव्हतं :)

"कलेत हिशोब आणू नका" म्हणणाऱ्यांना मी कोल्हापूरचीच आठवण करून देतो. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेली चार माणसं बाहेर पडली : दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम. त्यांना सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ येऊन मिळाले आणि १९२९ साली इथं 'प्रभात' सुरू झाली. चौघांकडे कसब, पाचव्याकडे पैसा. पण पैसेवाला मालक आणि बाकीचे नोकर असा प्रकार नव्हता. पाचही जण भागीदार, आणि ते जगाला माहीत होतं. पुढे १९३६ च्या 'संत तुकाराम'वर दिग्दर्शक म्हणून दामले आणि फत्तेलाल अशी दोघांची नावं लागली, आणि १९३७ साली व्हेनिसमध्ये त्या सिनेमाचा गौरव झाला. प्रभातही फुटली, हे मला ठाऊक आहे. धायबर बाहेर पडले, १९४२ मध्ये शांतारामही. कागदानं माणसं टिकत नाहीत. पण कोण भागीदार होता आणि कोण नव्हता, यावर तरी भांडावं लागत नाही.

ज्यांना इतिहासाचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी कायदा. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा, म्हणजे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला त्याच वर्षीचा. तुम्ही वेगळं काही ठरवलं नसेल, तर नफा सगळ्यांत सारखा आणि तोटाही सारखा. मग एकानं चार लाख घातलेत आणि दुसऱ्यानं चाळीस हजार, हे कुणी विचारत नाही. शिवाय धंद्याच्या कामात प्रत्येक भागीदार बाकीच्यांचा प्रतिनिधी असतो. म्हणजे एकानं साडेनऊ लाख सांगितले की ते मीही सांगितल्यासारखेच. "मी फक्त कॅमेऱ्यामागे होतो" हे चालत नाही. सिनेमाचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर तेही लेखी आणि सहीनिशीच लागतात. मैत्रीत कागद नसतो म्हणे, पण ओटीटीवाला पहिल्याच मेलमध्ये कागद मागतो.

आता यावर एक मुद्दा नेहमी येतो : "पैसेच नाहीत, तर सगळ्यांना देणार कुठून?" मान्य. फुकट काम करायला माझी हरकत नाही, मी स्वतः दोन वर्षं करतोय. पण मी जोखीम समजून-उमजून घेतलीय. सिनेमा चालला तर पोस्टरवर माझं नाव असेल. गुळव्यानं कसली जोखीम घेतली? त्यानं मजुरी केली. भागीदार शेवटी खातो, मजुराला आधी द्यायचं. पैसे कमी असतील तर शॉट कमी करा, माणसाचे पैसे कमी करू नका.

आमचं काय झालं? मी व्यापाऱ्याला खरा आकडा पाठवला. आधी तिघांना सांगून, मागून नाही. तो म्हणाला, मग मी निम्मेच घालतो. साउंड अडकलाय. तिघांतला एक माझा फोन उचलत नाही, आणि तो माझा शाळेपासूनचा मित्र आहे. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

गुळव्याचे पैसे मागच्या रविवारी मी जाऊन दिले. त्यानं मोजले, खिशात ठेवले आणि विचारलं, "पिक्चर कधी लागतोय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघताना त्यानं एक ढेप हातात दिली. तिचे पैसे घेतले नाहीत.

असो. दोन पानांचा कागद आता टाईप करतोय. तुमच्यापैकी कुणी मित्रांबरोबर सिनेमा करणार असाल, तर पहिल्या शॉटच्या आधी करा. "आपल्यात कसला कागद?" असं कुणी म्हणालंच, तर हसू नका. मी हसलो होतो.